मोराच्या मानेवरचा ठिपका

उज्वलाताईंच्या कॅमेऱ्यात फुंकर मारली ती मीच. त्या लेन्स बदलत होत्या, तेवढ्यात बेल वाजली, म्हणून उघडा कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "काका, नुसता धरा." आत धुळीचा कण दिसला. आपल्याकडे डोळ्यात काही गेलं, दूध उतू जायला लागलं, पोराचा गुडघा फुटला, सगळ्यावर फुंकर हा पहिला इलाज. मी तो केला. तोंडात चिवडा होता, एवढंच.

दारात येवल्याच्या विणकर चंद्रभागाबाई होत्या. पिशवीत जुन्या धोतरात गुंडाळलेली पैठणी. तिचे फोटो दुपारीच नागपूरच्या एका बाईंना जायचे होते. त्यांना पटले तरच साडी खपणार. आधीच्या गिऱ्हाइकाने आयत्या वेळी नाही म्हटलं होतं, त्यामुळे चंद्रभागाबाई पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायल्या.

उज्वलाताई सिडकोत आमच्या शेजारी राहतात. पूर्वी लग्नांचे फोटो काढायच्या. नवरीला जरा गोरी करा, असं सगळेच सांगायचे. एक दिवस कंटाळल्या आणि साड्यांकडे वळल्या.

पहिला फोटो कॉम्प्युटरवर आला. पदरावरच्या मोराच्या मानेवर करडा ठिपका.

"माझ्या साडीला डाग नाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या, तरी त्यांनी साडी खिडकीशी नेऊन पाहिली. मोराची मान स्वच्छ.

ताईंनी साडी सरकवून पुन्हा फोटो काढला. मोर खाली गेला, ठिपका वर उजव्या कोपऱ्यात होता तिथेच. लेन्स पुसली, मग दुसरी लावली. ठिपका तिथेच. मग गच्चीवर जाऊन लेन्सचं भोक अगदी बारीक करून नुसत्या आभाळाचा फोटो घेतला; त्यात कॅमेऱ्यातली घाण उठून दिसते. स्वच्छ निळ्या आभाळात ठिपक्यांची नक्षी.

ताई माझ्याकडे वळल्या. "कुठला चिवडा होता?"

"लसणाचा."

"म्हणजे तेलकट. आत सेन्सरवर गेलाय, फोटो उमटतो तिथंच."

कॅमेरा पालथा धरून त्यांनी रबरी पंपाने हवा मारली. काही ठिपके गेले, मोरावरचा हटेना.

"कॉम्प्युटरवर पुसून टाका की," मी सुचवलं.

"लग्नातही असंच एका मुरुमापासून सुरू व्हायचं," म्हणत त्यांनी औषधाची ओली पट्टी सेन्सरवरून एकदाच अलगद फिरवली. मी श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घेत होतो.

पुन्हा काढलेलं आभाळ स्वच्छ निघालं. साडीचे फोटो नव्याने झाले. तरी काठाजवळ एक बारीक टिंब राहिलंच. मी घाईघाईने म्हणालो, "हे माझं नाही हां."

"नाय, हे माझं," चंद्रभागाबाई वाकून म्हणाल्या. "तिथं तार तुटली व्हती, जोडलीय."

ताईंनी त्या जोडाचा जवळून वेगळा फोटो घेतला आणि बाकीच्यांसोबत नागपूरला पाठवला.

"हा बी धाडला? झालं मग. चालली साडी माघारी," म्हणून चंद्रभागाबाई धोतर झटकायला लागल्या.

थोड्या वेळाने फोन आला. नागपूरच्या बाई जोडाबद्दलच विचारत होत्या. चंद्रभागाबाईंनी फोन ओढून घेतला. "तुमची नात नेसंल तरी उसवायचा नाय. उसवला तर मी येते तिथं." पलीकडून हसू ऐकू आलं. साडी ठरली. चंद्रभागाबाई खाली बसल्या आणि चहा मागितला.

मी ताईंना हळूच म्हणालो, "तेवढं टिंब पुसलं असतं तर कुणाला कळलं असतं हो?"

"पार्सल उघडणारीला."