कुसुमचा नामंजूर प्रस्ताव

कुसुमला कोणी काही नवं सुचवलं, की ती आधी विचारायची, "हे नसलं तं अडते कोनाचं?" समोरचा गडबडला, की हसून म्हणायची, "मंग अडनारा मानूस शोधा अन् लिहून आना."

भाजीवाल्या शेतकऱ्यांना लावणी-तोडणीची नोंद ठेवता यावी म्हणून आम्ही काही जण एक फुकट ॲप बनवत होतो. त्याचा कोड सगळ्यांना खुला, कोणीही बदल सुचवावा. रचनेतला बदल मात्र आधी प्रस्ताव म्हणून लिहायचा, आणि ते प्रस्ताव सांभाळायची कुसुम. जळगाव जामोदला वांग्याच्या वावरात बसून ती बंगळुरूच्या इंजिनिअरांना कामाला लावायची. ते काम मला हवं होतं. मी मेहकरची निवृत्त गणितशिक्षिका, निम्मा कोड माझा, आणि सगळे विचारणार कुसुमताईंना! तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची अल्लड होते. जळून खाक झाले.

मग कुसुमनं स्वतःचा प्रस्ताव मांडला: पहिल्या पानावर अक्षरांऐवजी भाज्यांची रंगीत चित्रं. सगळ्यांना आवडला. मी खाली लिहिलं, "विरोध." कारण नव्हतंच, तर लिहिणार काय!

तिचा नियम असा, की विरोधकाचं म्हणणं प्रस्तावात असं उतरवायचं, की त्यानंच 'हो, हेच' म्हणावं. त्याशिवाय निर्णय नाही. आठ दिवस मी तिचा फोन उचलला नाही. नवव्या दिवशी कुसुम खामगावला एसटी बदलून थेट दारात.

"काऊन बाई, रुसल्या का? काय खटकते, सांगा ना."

"नाही आवडलं मले."

"ते तं दिसूनच राह्यलं. कारन सांगा."

काहीतरी फेकायचं म्हणून मी म्हटलं, "उन्हात दिसतीन का ही चित्रं?"

ती मोबाइल घेऊन अंगणात गेली. डोळे बारीक करून पाहत राहिली. "अवो बाई, वांगं कोनतं अन् टमाटं कोनतं, मलेच समजून नाही राह्यलं!"

तिथंच पायरीवर बसून तिनं माझा आक्षेप माझ्या नावानं लिहिला आणि वाचून दाखवला. इतका मुद्देसूद, की मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला.

"हेच ना, बाई?"

"हो, हेच," मी निर्लज्जपणे म्हणाले.

तिनं स्वतःचा प्रस्ताव नामंजूर केला आणि चहा मागितला. जिंकले मी, आणि हेवा पुन्हा तिचाच वाटला.

गेल्या वर्षी कुसुम वारली. तिचं काम माझ्याकडे आलं. परवा नाशिकच्या एका बाईंचा प्रस्ताव मी झटक्यात फेटाळला. त्यांनी लिहिलं, "कुसुमताईंनी कारण दिलं असतं." चडफडत कारण लिहायला बसले. तासभर शोधलं, एकही सापडेना. शेवटी मंजूर केला. गेली तरी ही बाई मला एक साधा हट्ट करू देत नाही!