हात दाखवला आणि टॅक्सी थांबली

रस्ता मी कानाने ओलांडतो. आमच्या पांढुर्ण्यात ही रीतच आहे. डोळे पलीकडच्या पानठेल्यावर, तोंड सोबतच्या माणसाकडे, आणि मागून येतो आहे तो ट्रॅक्टर की संत्र्याचा ट्रक, हे कान सांगतात. या भरवशावर पन्नाशी ओलांडली. चीनमध्ये पाऊल ठेवलं आणि पहिल्याच संध्याकाळी कान बेकार झाले.

मुलगी तिथे झेंगझोऊ नावाच्या शहरात डॉक्टरकी शिकत होती. तिच्या पदवीच्या समारंभाला मी आणि बायको गेलो होतो. फूटपाथवरून खाली उतरलो, सवयीने उजवीकडे पाहिलं, कानोसा घेतला. सामसूम. पाऊल उचललं, तोच मुलीने कॉलर धरून मागे ओढलं आणि डावीकडून स्कूटरींचा अख्खा कळप माझ्या नाकासमोरून निघून गेला. आवाज नाही, धूर नाही, हॉर्न नाही. सगळ्या विजेवरच्या.

"बाबा, इथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात. आधी डावीकडं पाहायचं."

"त्यायच्यानं नाही होणार," बायको म्हणाली. "उजव्या अंगाचा बैल डाव्या अंगाले जुंपला की तो वखर घेऊन वावर सोडून सरळ धुऱ्यावर जाते."

बायको रामाकोना गावच्या शेतकऱ्याची मुलगी. ती माझी तुलना बैलाशी करते तेव्हा तिचा मूड चांगला आहे असं समजावं.

पण काय सांगू, त्या रस्त्यांनी मला वेडच लावलं! स्कूटरींना वेगळा रस्ता, आमच्या मेन रोडहून रुंद. त्यावर आजोबा, ऑफिसातले साहेब, भाजीची पोती, मागे उभं राहून दूध पिणारी पोरं. उन्हापासून हात झाकायला बायका शर्ट उलटे घालून गाडी चालवत होत्या, बटणं पाठीवर. पहिली दिसली तेव्हा मला वाटलं, घाईत निघाली असेल बिचारी. मग दुसरी दिसली, तिसरी दिसली. आमच्या हिच्या डोळ्यांत चमक आली. सौंसरच्या बहिणीला तिने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला, "अवं, पाह्य पाह्य, शर्ट कसा घालून राहिल्या!" मी तर सिग्नलला नुसता उभा राहायचो. लाल झाला की शेकडो स्कूटरी गुपचूप थांबत, हिरवा झाला की गुपचूप निघत. तमाशाला तिकीट नाही. मुलगी म्हणे, "बाबा, चला ना, लोक पाहून राहिलेत." पाहू देत. आपणही त्यांनाच पाहतो आहोत.

समारंभाच्या दिवशी तिला सकाळीच पोचायचं होतं. निघताना ती पुन्हा पुन्हा बजावत होती, "चार स्टेशनं. डी गेटातून बाहेर. समोरच हॉल, कॉलेजच्या दवाखान्याच्या आवारात. माझा नंबर लवकर आहे, बाबा. पाच वर्षं मी याच दिवसाची वाट पाहिली. उशीर करू नका."

"इटारसीला अर्ध्या रात्री गाडी बदलणारा माणूस आहे मी," मी म्हणालो.

मेट्रो जमली. स्टेशनवर तपासणीच्या मशीनमधून हिची पिशवी गेली, संत्रा बर्फीचा डबा पाहून पोलीस पोरगी हसली, आम्हीही हसलो. स्टेशनं बरोबर मोजली. फक्त 'डी' माझ्या डोक्यात 'बी' होऊन बसला होता. वर आलो तर हॉल दिसतो आहे, पण रस्त्याच्या पलीकडे. मध्ये गाड्यांची नदी आणि तिच्या मधोमध लांबच लांब लोखंडी कठडा.

"आता?" बायको म्हणाली.

"आता काय? चल." मी पुढे झालो आणि पांढुर्ण्यात करतो तसा येणाऱ्या गाड्यांना हात दाखवला. आपल्याकडे हात दाखवला की माणूस शिव्या देतो, पण थांबतो. इथे एक टॅक्सी थांबली. थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरने काच खाली करून गोड हसून पाहिलं.

मी याला कसं समजावू या विचारात असतानाच बायको मागचं दार उघडून आत बसली होती. "या ना लवकर! किती चांगला माणूस आहे."

टॅक्सी निघाली, आणि हॉल मागे जाऊ लागला. वळायला जागाच नव्हती. मी ओरडलो, बोट मागे दाखवलं. ड्रायव्हरने मोबाइल पुढे धरला, त्यात बोललं की तो चिनी करून सांगतो. मराठी काही त्याला येईना. मग मी आपली हिंदी काढली, "भैया, बेटी डॉक्टर... हॉस्पिटल के पास... टाइम नहीं है!"

ड्रायव्हरचं हसू मावळलं. तो भराभर काही बोलला आणि मोबाइल शुद्ध हिंदीत म्हणाला, "चिंता मत कीजिए। आपकी पुत्री बच जाएगी।"

"बचेल म्हंजे?" बायको किंचाळली. "काय झालं तिले?"

"काही नाही झालं! डिग्री! बेटी को डिग्री है!"

मोबाइलने लगेच विचारलं, "कितने डिग्री?"

"एकच!" मी म्हणालो. "एमबीबीएस!"

पण तोवर गाडी सुसाट सुटली होती. ती विजेची गाडी अशी निघाली की पाठ सीटला चिकटली. पूल चढलो, पुलावरचा पूल चढलो, खाली स्कूटरी दाण्यांसारख्या सांडलेल्या दिसल्या, गरागरा वळून उतरलो. मुलीचा नंबर निघून जाणार म्हणून मी सारखं घड्याळ पाहत होतो, आणि वेगाने अंगावर काटा! बायकोने एका हाताने बर्फी धरली, दुसऱ्याने माझं मनगट, आणि जामसांवलीच्या हनुमानाला एवढ्या मोठ्याने हाक मारली की ड्रायव्हरने आणखी दाबली.

थांबलो ते कॉलेजच्या दवाखान्याच्या दारात. हॉल त्याच आवारात, मागे. ड्रायव्हर आत धावला आणि चाकाची खुर्ची घेऊन आला. रडवेल्या चेहऱ्याची आमची ही त्याला पेशंट वाटली असावी. हिने मोबाइलवर मुलीचा सकाळचा काळ्या झग्यातला फोटो दाखवला. त्याने पाहिलं, कपाळावर हात मारला आणि पोट धरून हसला. मग हॉलकडे बोट दाखवून खुर्चीकडे पाहिलं.

"बसू का?" असं बायकोने विचारलंही नाही. ती थेट बसलीच. "गुडघे तसेही दुखूनच राहिले. तुम्ही पळा."

ड्रायव्हर खुर्ची ढकलत पुढे, मी बर्फी घेऊन मागे. खुर्ची पाहून दारातल्यांनी वाट दिली आणि तिला सरळ पहिल्या रांगेपुढे नेलं. एवढी चांगली जागा आम्हाला वेळेवर येऊनही मिळाली नसती.

स्टेजच्या पायऱ्यांवर मुलं ओळीने उभी होती. आमच्या मुलीच्या पुढे दोघंच होते. स्टेजकडे तिचं लक्षच नव्हतं, ती दाराकडे पाहत होती. तिला दिसलं काय, तर आई चाकाच्या खुर्चीत, मागे कुणी अनोळखी चिनी माणूस, आणि घामाघूम बाप. तिचा चेहरा पांढरा पडला. पोरगी ओळ सोडून पायरी उतरायला लागली.

तशी बायको खुर्चीतून ताडकन उठली आणि वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तशी ओरडली, "मी बरी आहो वो! तू समोर पाह्य! समोर!"

खुर्चीतली बाई उठून उभी राहिलेली पाहून मागच्या चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्याच हॉलने. मुलगी पायरी पुन्हा चढली, हसू आवरत पुढे गेली, आणि वाकून पदवी घेतली.

ती पदवी घेतानाचा ड्रायव्हरने काढलेला फोटो आता आमच्या बैठकीत आहे. मी काढलेल्या फोटोत तिच्या पदवीच्या टोपीचा गोंडा तेवढा आला.