कुंडलिक सरांची टाकी

आमच्या ज्युनिअर कॉलेजात कुंडलिक सर गणित शिकवतात आणि मी भूगोल. आमचे वर्ग शेजारी, मधली भिंत पातळ. त्यामुळं सरांची टाकी दरवर्षी माझ्याही वर्गात भरते. अकरावीला पीसवाइज फंक्शन आलं, म्हणजे फलन एकच पण तुकड्यागणिक नियम वेगळा, की सर सुरू: "माझ्या घरच्या टाकीचं बघा. मोटार लावायच्या आधी पाण्याची उंची तेवढीच. मोटार लावली की वाढत जाते. टाकी भरली की पुन्हा स्थिर. तीन तुकडे, तीन नियम. संपलं!" फळ्यावरच्या आलेखाची ती शेवटची आडवी रेघ ते अशा झोकात ओढतात की खडू मोडतोच.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे काय वेगळं सांगायचं! येईल त्या दिवशी खालचा हौद भरायचा आणि मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. सर भाड्यानं राहतात वरच्या मजल्यावर, घरमालकीण बजाबाई खाली. उन्हाळा लागला की ती अंगणभर कुरडया घालते आणि नातवंडांपेक्षा त्यांनाच जास्त जपते. खोली देतानाच तिनं बजावलं होतं, "वरनं पानी सांडलं की त्याच दिवशी सामान भाईर. मास्तर असू दे न्हाईतर कलेक्टर." आधीचा भाडेकरू असाच गेला होता. कॉलेजजवळ दुसरी खोली मिळत नाही, म्हणून सर बजाबाईला प्राचार्यांपेक्षा जास्त भितात.

यंदा मार्चमध्ये सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, भावाच्या लग्नाला माहेरी, नातेपुत्याला गेल्या. नेमकं पाणी आलं. सरांनी हौद भरला, मोटार लावली, दाराला कुलूप घातलं आणि नेहमीसारखे वर्गात येऊन टाकी भरू लागले.

पहिल्या बाकावर मायाक्का बसते. शंका विचारल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

"सर, शेवटची रेघ आडवी का?"

"टाकी भरली ना, बाळ."

"पण मोटार चालूच हाय की. पानी कुटं जाईल?"

"मोटार बंद होते."

"आपोआप?"

भिंतीपलीकडं डस्टर खाली आपटलं. मग सर माझ्या दारात उभे, तोंड खडूसारखं पांढरं. "स्कूटर काढा! आधी स्कूटर काढा!"

वाटेत मागं बसून त्यांचं एकच पालुपद, "अहो, बंद होते हो! दर वेळी बंद होते!" गणिताच्या माणसाची मला खरंच कीव आली.

गच्चीवरून अंगणात पाण्याची धार लागली होती. बजाबाई नखशिखांत भिजलेली, दोन्ही हातांत कुरडयांचा लगदा. "बटन तुमच्या खोलीत, किल्ली तुमच्या खिशात! मी काय भिंतीतनं हात घालू?" सरांनी धावत जाऊन मोटार बंद केली. खाली येऊन पायरीवर बसले आणि वहिनींना फोन लावला. घाबरलेल्या बोटानं स्पीकर चालू झाला, ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"अगं, आपली मोटार कोण बंद करतं गं?"

पलीकडं सनई वाजत होती. वहिनी म्हणाल्या, "इतकी वर्षं काय वाटत होतं तुम्हाला?"

बजाबाई आधी फोनकडं बघत राहिली, मग सरांकडं. आणि हातातला लगदा तसाच धरून अशी हसली, की मलाच तिला पाणी आणून द्यावं लागलं. "ऱ्हावा," ती डोळे पुसत म्हणाली. "पन बायकूमुळं ऱ्हायला, तुमच्यामुळं न्हाय. उद्या पहाटं कुरडयांचा चीक हाटायला या. जेवढ्या भिजवल्या तेवढ्या घालून द्यायच्या."

सरांनी घातल्या. कुरडया कसल्या, गुंडाळलेली सुतळी वाटत होती.

वहिनी परतल्यावर भिंतीपलीकडून पुन्हा टाकी ऐकू आली. "टाकी भरली, इथं भरीव ठिपका. आणि या ठिपक्यापाशी कोण असतं?"

"काकू!" सगळा वर्ग ओरडला.

"आन् काकू माहेरी गेल्या तर?" मायाक्काच ती.

"तर पाणी आलं की मी घरी," सर म्हणाले, "आणि तुम्हाला सुट्टी."

तेव्हापासून काकूंच्या माहेरी अजून कुणाचं लग्न राहिलंय, याची चौकशी अख्खी अकरावी माझ्याकडं करते.