टाकी तीन आठवडे पुरायची

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी पोलीस ठाण्याच्या बाकावर गाडीची चावी मुठीत धरून बसलेली ती बाई अजून डोळ्यांसमोर येते. तेव्हा मी रोहा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो.

बाई निडीकडची. तिचा नवरा त्यांच्या छोट्या एसयूव्हीतून कंपनीची शिफ्टची माणसं ने-आण करायचा. त्याच्या किडन्या निकामी झाल्यावर ती गाडी चालवायला शिकली आणि आठवड्यातून तीनदा त्याला पेणला डायलिसिसला नेऊ लागली. तक्रार एवढीच, की गाडीचं ॲव्हरेज पडलंय. मी तिला गॅरेजला जायला सांगितलं. ती गेल्यावर ठाणे अंमलदार म्हणाला, उद्या लोक टायर पंक्चर झाला तरी एफआयआर मागतील. आम्ही हसलो.

चार दिवसांनी ती पुन्हा आली.

"साहेब, भरलेली टाकी तीन आठवडे पुरायची. नऊ फेऱ्या. आता सातव्या फेरीलाच काटा खाली. रस्ता तोच, चालवणारी मीच. मग पेट्रोल जातंय कुठं?"

या वेळी मी खुर्ची दिली. बोलता बोलता कळलं, की महिन्यापूर्वी दोघे जण गाडीच्या कंपनीचा शर्ट घालून दारात आले होते. ब्रेकमधला एक पार्ट बदलण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्यात, काम फुकट आहे, तुम्ही यायची गरज नाही, असं सांगून गाडी घेऊन गेले. दोन तासांत धुऊनपुसून परत आणली आणि दारावर 'काम पूर्ण' असं स्टिकर लावलं. मीटरवर पिवळा दिवा लागला होता, तो आपोआप जाईल म्हणाले.

"हे पहिल्यांदाच का नाही सांगितलंत, ताई?"

"तुम्ही इचारलंत कुठं?"

शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराचा चेहरा उतरला. तसंच स्टिकर त्याच्या गागोद्याच्या मेहुण्याच्या गाडीवर होतं. धुतलेली गाडी बघून मेहुणा खूश होता.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस असल्याने बाईला गाडी सोडता येईना. म्हणून मेहुण्याची गाडी गॅरेजमध्ये वर चढवली. सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा एक डबा असतो, त्यातल्या धातूला चांगली किंमत येते. तो कापून नेला होता आणि जागी डुप्लिकेट डबा कच्च्या वेल्डिंगने चिकटवला होता. त्यामुळे गाडी पेट्रोल जास्त खात होती. बाईची फिर्याद घेऊन गुन्हा नोंदवला. भंगारवाल्यांमधल्या एका खबऱ्याने सांगितलं, की असे डबे पेणला रामवाडीकडच्या एका शेडमधून येतात. आठवड्याभरात पंचांसमोर छापा घातला. दोघेही सापडले.

त्यातला मोठा पूर्वी एका सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला होता. चोरी त्याने लगेच कबूल केली. मी सहज विचारलं, मग ब्रेकचं काम कोण करायचं? त्याने चहा मागितला. चहा पाजून पुन्हा विचारलं.

"ते कुणी केलंच नाय, साहेब. पार्ट आमच्याकडं कुठला? तुम्ही मालाचं विचारा ना."

"पण कंपनीचं बोलावणं खरं होतं?"

"व्हय. यादी सेंटरातलीच हाय."

ज्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये खरोखर दोष होता, नेमके त्यांचेच मालक दारावरच्या स्टिकरवर विसंबून निर्धास्त फिरत होते.

"माल राहू दे. गाड्या सांग."

एकाच घरी दोनदा जाऊ नये म्हणून त्याने नंबर मोबाइलमध्ये ठेवले होते. एकोणीस गाड्या. आम्ही फोन लावायला बसलो, तर लोकांना आता आमच्यावरच विश्वास बसेना. नागोठण्याच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "गाडी धुऊन पण देणार काय?" आणि फोन ठेवून दिला. शेवटी गणवेशातली माणसं घरोघर पाठवली.

बाईचा फोन लागत नव्हता. डायलिसिसचा दिवस होता. मी स्वतः जीप घेऊन पेणला निघालो. वाटेत समोरून येणारी प्रत्येक तसली गाडी निरखून पाहत होतो. ती डायलिसिस सेंटरबाहेर बाकावर बसलेली दिसली, तेव्हा जीव भांड्यात पडला. गाडी आता सुरू करू नका, असं सांगून कारण सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं.

"मग ह्यांना घरी कशात नेऊ?"

आमच्या जीपमधून नेलं. नवरा थकलेला होता, तरी म्हणाला, "पयल्यांदा पोलीस गाडीत बसतोय, तेपण बायकोमुळं." ती म्हणाली, "गप बसा."

गाडी क्रेनने वर्कशॉपला गेली. काढलेल्या पार्टला बारीक चीर गेली होती. अजून किती फेऱ्या टिकला असता, हे मेकॅनिकलाही सांगता आलं नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझ्या आईला कधी ठाण्याची पायरी चढावी लागली असती, तर तिनेही कलमं सांगितली नसती, टाकी पुरत नाही एवढंच सांगितलं असतं. आणि माझ्यासारख्या एखाद्या साहेबाने तिला गॅरेजला पाठवलं असतं. त्यानंतर उरलेल्या नोकरीत मी कुठल्याही तक्रारदाराला 'आणखी काय झालं?' असं विचारल्याशिवाय उठू दिलं नाही.

त्या तपासाबद्दल मला वरिष्ठांकडून प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर नाव माझं आहे. पण एकोणीस घरांनी आणि मी आभार मानायला हवेत ते त्या बाईचे. मी परत पाठवूनही ती पुन्हा आली, याबद्दल.