अक्काचा जोंधळा

आमच्या पेठेतल्या तालमीतर्फे लोकगीतांचा मेळा भरवायचं खूळ माझं. सत्तरच्या दशकात आठ-नऊ वर्षं तो तालमीपुढच्या पटांगणात भरला. शाहीर, हलगीवाले, धनगरी ढोल, सगळे यायचे आणि मी सचिवाचा बिल्ला लावून उगाच ज्याच्या त्याच्यावर ओरडत फिरायचो. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप मला एकाच आवाजासाठी हवा होता.

तो आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. लहानपणी पहाटे ती दळायला बसली की मी तिच्या मांडीवर डोकं टेकून पुन्हा झोपायचो. जात्याची घरघर आणि तिच्या ओव्या, त्यातल्या निम्म्या भावावरच्या. भाऊ म्हणजे मीच, हे मला तेव्हाही कळायचं. पुढं ती गडहिंग्लजकडं नांदायला गेली, गावात पिठाची गिरणी आली आणि ओव्या बंदच पडल्या. तो आवाज पुन्हा कानावर पडावा म्हणून माझा जीव तुटायचा.

तीन वर्षं विनवल्यावर एकदाची ती आली. आम्ही शेजारचं जातं धुऊन व्यासपीठावर मांडलं, झेंडूची माळ घातली, खुंट्याजवळ माइक बांधला. अक्का बसली, डोक्यावर पदर घेतला आणि सवयीनं दाण्यांसाठी हात बाजूला नेला. तिथं सूपच नव्हतं. नव्या सतरंजीवर पीठ सांडेल, दाणे नकोत, हा शहाणपणा माझाच.

नुसतंच फिरव, असं मी कडेनं खुणावलं. तिचं उत्तर माइकमधून साऱ्या पटांगणानं ऐकलं.

"रिकामं जातं फिरवू न्हाई रं. तुला ठावं न्हाय व्हय?"

लोक हसले. तिनं जात्याला हात जोडले आणि खाली उतरली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून शेरभर जोंधळा घेऊन धावत आलो, तोवर हलगीवाले सुरू झाले होते आणि अक्का पिशवी घेऊन निघाली होती. तिची एसटी सहाची. ती रागावली नव्हती, तेच मला जास्त लागलं.

"आण हिकडं. उद्या पहाटं घरात दळीन," म्हणाली आणि जोंधळा पदरात बांधून घेतला.

पुढच्या मेळ्याआधीच ती गेली. दहाव्याला तिच्या सुनेला मी त्या जोंधळ्याचं विचारलं. त्या पहाटे आत्याबाईंनी कितीतरी वर्षांनी जातं मांडलं होतं, दळण सरेपर्यंत भावाच्याच ओव्या म्हटल्या, असं ती म्हणाली. शब्द मात्र तिला सांगता येईनात. तीही तेव्हा अर्धवट झोपेतच होती.

मेळ्याच्या त्या संध्याकाळी स्टँडवर मी अक्काला गाडीत बसवून दिलं, तेव्हा तिच्या शेजारची जागा मोकळी होती. तिनं सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि माझ्याकडं बघितलं. मी खालीच उभा राहिलो. अजून चार पथकं व्यासपीठावर सोडायची होती.