जुन्या प्रतीत नसलेली गोष्ट

"पाळकसाहेब, तुमीच सांगितलं की ही गोष्ट जुन्या प्रतीत न्हाई. मग ती राहेलला कावून लागू करायची?"

याकोबकाकांनी पंचांच्या मीटिंगमध्ये हे विचारलं. काका आमचे सर्वांत ज्येष्ठ पंच. मी आष्टी तालुक्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे पास्टर. रविवारी प्रभुभोजन होतं. त्यात भाकर आणि द्राक्षरस कोणाला द्यायचा, कोणाला थांबवायचं, हे आमच्याकडे आधी पंच ठरवतात. निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते. ती परतली की हे भोजन होतं, आणि हंगामभराच्या तक्रारीही तेव्हाच निघतात.

यंदाची तक्रार राहेलची होती. ऊसतोडीत मुकादम नवरा-बायकोची जोडी धरतो, तिला एक कोयता म्हणतात. एकट्या बाईला कोणी घेत नाही. राहेल विधवा, घरात म्हातारी सासू. तिनं गावातल्याच एका विधुराबरोबर कोयता केला. एक कोयता म्हणजे राहायला एकच कोपी, उसाच्या पाचटाची झोपडी. कोपीत काय झालं ते कोणी पाहिलं नव्हतं, पण बोलायला सगळे तयार होते.

मी तिच्या बाजूनं योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट काढली. व्यभिचारात धरलेल्या बाईला दगड मारायला लोक जमतात, आणि येशू त्यांना आधी स्वतःचं पाप बघायला लावतो. नेमकी हीच गोष्ट मी अभ्यासवर्गात शिकवली होती. बायबलच्या लेखकांच्या हातची मूळ प्रत आज कुठेच नाही. आहेत त्या नकला, आणि नकलांच्या नकला. अभ्यासक त्या शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहतात. योहानाच्या सर्वांत जुन्या नकलांमध्ये ही गोष्ट सापडत नाही. मी हौसेनं सांगितलं, काकांनी पक्कं लक्षात ठेवलं.

"काका, गोष्ट खोटी आहे असं मी म्हटलं नव्हतं. मागाहून आत आली, एवढंच म्हटलं."

"मागून आलेलं देवाचं वचन कसं? एक तर वचन हाय, न्हाईतर न्हाई."

राहेल दाराशी बसली होती. ती काकांशी नाही, माझ्याशी बोलली. "पाळकसाहेब, ती गोष्ट बी काढली, तर मला काय राहिलं?"

माझं डोकंच फिरलं.

"काका, हाच नियम लावायचा ना? मग मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट उघडा. विश्वास ठेवणारे आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील, हे वचन. तेही सर्वांत जुन्या नकलांत नाही. तेही काढू?"

याकोबकाका कित्येक वर्षं त्याच वचनाच्या भरवशावर आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत आले होते. शेजारची बौद्ध आणि मराठा घरंही लेकरं घेऊन यायची. काका कोणाकडून चहासुद्धा घेत नसत.

"हे तुमी वर्गात कावून न्हाई सांगितलं?"

"वर्ग तिथवर पोचला नव्हता."

मग मी आवाज खाली आणून उरलेलं सांगितलं. त्या बाईची गोष्ट कुठे घालावी, हे नकला करणाऱ्यांनाही कळत नव्हतं. कोणी ती योहानात घातली, कोणी लूकमध्ये. जागा ठरेना, तरी त्यांना ती टाकवली नाही. येशू असाच होता, असं त्यांना वाटत असणार. लोकांनी ती जपली, हाही इतिहासच आहे.

"येऊ द्या तिला," काका म्हणाले आणि टोपी उचलून निघून गेले. रविवारी भाकरीचं ताट त्यांच्याच हातात होतं. राहेलपुढे त्यांनी ते धरलं, पण वर पाहिलं नाही.

वाद जिंकला म्हणून मी खूश होतो. पण काकांनी हात ठेवणं बंद केलं. कोणी आलं की म्हणायचे, "दवाखान्यात न्या." आजाऱ्यानं दवाखान्यात जावं असं मलाही वाटतं, पण काकांचा चेहरा पाहवत नव्हता. मी समजवायला गेलो की "तुमचं बरोबर हाय" म्हणून विषय संपवायचे. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

पावसाळ्यात राहेलच्या सासूनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्यायला सांगितलं. राहेल काकांच्या दारात आली तेव्हा मी तिथंच बसलो होतो.

"काका, म्हातारीवर हात ठेवा."

"ते वचन जुन्या प्रतीत न्हाई, बाई."

"माझी गोष्ट तरी कुटं व्हती? तरी माझ्यापुढं ताट धरलंच की तुमी. चला."

काका उठले आणि चपला शोधायला लागले.

म्हातारी बरी झाली नाही, आठवड्याभरात गेली. पण काका रोज जात होते, आणि सकाळपासून ती त्यांचीच वाट पाहायची.

कोणतं वचन मागाहून आलं, हे मी आजही वर्गात सांगतो. लपवणार नाही. फक्त सांगून झालं की लगेच घरी जात नाही, ते ऐकून कोणाचा भरवसा हलला असेल तर त्याच्यासाठी थोडा वेळ तिथंच बसतो.