खंडेनवमीला उलटलेलं हेलिकॉप्टर

“ह्याला आत टाका साहेब. आज टाका, आत्ता टाका!”

बेळगावातल्या वडगावच्या त्या बाईची ही आरोळी माझ्या कानात अजून मुक्कामाला आहे. पोलिसातल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी दरोडेखोरांचा, दारुड्यांचा आणि दोन वेळा पुढाऱ्यांचा आरडाओरडा ऐकला, पण असा आवाज नाही. ठाण्याच्या भिंतीवरचं घड्याळ त्या दिवशी जे बंद पडलं ते मी निवृत्त होईपर्यंत बंदच राहिलं. आमचा रायटर, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, म्हणतो, सेल संपला होता. रायटरला काय कळतंय.

बाई चाळिशीची, मागावर साड्या विणणाऱ्या घरातली. एका हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद, दुसऱ्या हातात तिशीच्या एका गड्याचं मनगट. गडी चांगला दणकट होता, उद्यमबागेतल्या कारखान्यात फिटरचं काम करणारा. पण मनगट काही सुटत नव्हतं. मी विचारलं, हा कोण? म्हणाली, सख्खा धाकटा भाऊ. गुन्हा काय केला?

“गुन्हा तुम्ही लिवा. तुमाला येतंय न्हवं. पण शनवारपतूर सोडू नका.”

भावाचा चेहरा लाजेनं कांद्यासारखा झाला होता. “आक्का, घरी चल गं,” एवढंच तो म्हणत होता.

पोलीस ठाण्यात माणसं नातेवाइकांना सोडवायला येतात. आत टाकायला आलेली ही पहिलीच. मी दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि कागद हातात घेतला.

कागद देखणा होता. गुळगुळीत, सोनेरी काठाचा, कोपऱ्यात चमकणारा शिक्का. समुद्रातल्या तेलविहिरींवर कामाला जाणाऱ्या माणसाला सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याचा तो दाखला होता. आगीतून कसं निसटायचं, जीवरक्षक होडीत कसं बसायचं, आणि मुख्य म्हणजे हेलिकॉप्टर समुद्रात पडून उलटं झालं तर पाण्याखालून कसं बाहेर यायचं. हे सगळं या गड्यानं पश्चिम किनाऱ्यावरच्या एका केंद्रात दोन दिवसांत पार पाडलं, असं त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. आक्काला इंग्रजी वाचता येत नव्हतं. आदल्या दिवशी तिच्या मुलीनं शाळेतून आल्यावर मामाचा हा कागद मोठ्यानं वाचून अर्थ सांगितला, आणि आक्काच्या हातातलं ताट खाली पडलं.

“साहेब, अंगोळीला डोळ्यात पाणी गेलं की तांब्या टाकून पळतोय ह्यो. ह्यो हेलिकॉप्टरातनं कवा भायर आला?”

शनिवारी त्याचं आखाती देशात जाणारं विमान होतं. तिथून पुढे हेलिकॉप्टरनं समुद्रात. आज मंगळवार.

कायदा असा की बहिणीला काळजी वाटते म्हणून भावाला कोठडीत घालता येत नाही. मी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद करायला लावली आणि भावाला बाजूच्या खोलीत नेऊन विचारपूस सुरू केली. माझ्या विचारपुशीचा लौकिक असा होता की खडेबाजारातले खिसेकापू माझी जीप दिसली की पाकिटं परत करायचे. पण हा गडी घाबरेना. मी एक विचारलं तर तो चार सांगायचा. डोकं गुडघ्यांकडे झुकवायचं, हात असा धरायचा, जॅकेट कधी फुगवायचं, सगळं पाढ्यासारखं तोंडपाठ. मोबाइलवर व्हिडिओ बघून पाठ केलेलं होतं हे नंतर कळलं. शेवटी मी विचारलं, पाण्यात उलटं झाल्यावर कसं वाटलं? म्हणाला, मजा आली साहेब.

दाखल्यावर खातरजमेसाठी फोन नंबर होता. रायटरनं लावला. पलीकडून एका माणसानं झोकदार इंग्रजीत सांगितलं की दाखला अस्सल आहे, उमेदवार उत्तम आहे. त्याच वेळी मागे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. तिसरीला फोन बंद. समुद्रसुरक्षेच्या केंद्रात भात शिजत नसावा असा कायदा नाही, म्हणून मी एवढ्यावर काही ठरवलं नाही. पण डोक्यात किडा वळवळायला लागला.

टिळकवाडीत एक गृहस्थ राहत. वीस वर्षं तेलविहिरींवर काढून परतलेले, आता सकाळी फिरणं आणि संध्याकाळी बुद्धिबळ. बुधवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो. दाखल्याची झेरॉक्स त्यांनी पाहिलीच नाही. आधी माझ्याकडून गड्याची उत्तरं ऐकली. ‘मजा आली’ ऐकल्यावर चष्मा काढून खाली ठेवला.

ते म्हणाले, हेलिकॉप्टरचं इंजिन वर असतं. पाण्यात पडलं की वजनानं ते उलटंच होतं. प्रशिक्षणात टाकीच्या पाण्यात खोटं हेलिकॉप्टर सोडतात, तुम्हाला पट्ट्यानं बांधून उलटं करतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा पट्ट्याच्या कडीवर. फिरणं थांबेपर्यंत दम धरायचा, खिडकी ढकलायची, आणि मगच पट्टा सोडायचा. पट्टा आधी सोडला की माणूस आतल्या आत तरंगतो, वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. हे डोक्याला समजून उपयोगाचं नाही, अंगाला समजावं लागतं. पाण्याखाली उलटं होऊन आलेला कुणीही मजा आली म्हणत नाही, साहेब.

मी परत येऊन ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या जीपमध्ये बसलो, पट्टा लावला, डोळे मिटले आणि दाराची कडी शोधायला लागलो. पहिल्या खेपेला वायपर चालू झाला. दुसऱ्या खेपेला हॉर्न. तिसऱ्या खेपेला पट्टा गळ्यात अडकला आणि दोन शिपायांनी मला ओढून काढलं. कोरड्या जागी, सुलटा, आणि जीप माझ्या पोटच्या पोरासारखी ओळखीची. तेव्हा मला आक्काचं ओरडणं समजलं.

पण मला समजून भागत नाही. कोर्टाला पुरावा लागतो. गुरुवारी आक्का भावाला घेऊन पुन्हा हजर. भाऊ मूळ दाखला मागत होता आणि ती देत नव्हती. मी तो तिच्याकडून घेऊन उजेडात धरून पुन्हा बघत होतो. डाव्या कोपऱ्यात एक पुसट गुलाबी डाग दिसला, बाजूला जरा पिवळं. मी विचारलं, हे काय सांडलंय?

आक्का म्हणाली, “सांडलंय कशाला. हळदकुंकू हाय. खंडेनवमीला कागद मागाजवळ पूजेला ठेवलाता.”

आमच्या भागात खंडेनवमीला यंत्राला कुणी हात लावत नाही. माग बंद, लेथ बंद, गिरणी बंद. सगळ्यांना झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. ज्याच्यावर पोट चालतं ते त्या दिवशी देव. भावाचं पोट आता या कागदावर चालणार होतं, म्हणून कागदही मागाला टेकवून ठेवला. मी कॅलेंडर काढलं. दाखल्यावर प्रशिक्षणाची तारीख होती ती नेमकी खंडेनवमी आणि दसरा. म्हणजे हा गडी ज्या सकाळी किनाऱ्यावर पाण्यात उलटा लटकलेला होता, त्याच सकाळी त्याचा दाखला वडगावात कुंकू लावून बसला होता.

आक्काच्या फोनमध्ये पूजेचा फोटो निघाला. माग, माळ, दाखला, आणि शेजारी हात जोडून, धुतलेला सदरा घालून, सुलटा उभा असलेला भाऊ. मी फोटो त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो बोटांनी मोठा करून बघितला. मग म्हणाला, “साहेब, हेलिकॉप्टर काय रोज पडतंय व्हय?”

हे वाक्य मी माझ्या आयुष्यात विसरणार नाही. त्याला कुणी फसवलं नव्हतं. टाकीची भीती वाटली म्हणून त्यानं डोळे उघडे ठेवून कागद विकत घेतला होता. मी त्याला टिळकवाडीच्या गृहस्थांनी सांगितलेलं शेवटचं सांगितलं. खिडकीजवळ जो बसतो, त्याच्या मागच्याची वाटही तीच खिडकी असते. तू अडकलास तर तो पण अडकला. यावर त्यानं मान खाली घातली आणि दाखला विकणाऱ्या एजंटाचा निपाणीचा पत्ता दिला.

निपाणीत धंदा टाकण्याचा फायदा असा की संकट आलं की अर्ध्या तासात सीमा ओलांडून राज्य बदलता येतं. म्हणून शुक्रवारी पहाटेच निघालो. हा एजंट स्वतःला कॅप्टन म्हणवून घ्यायचा. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. समुद्राशी त्याचा संबंध पणजीच्या फेरीबोटीपुरता. वरच्या मजल्यावर ऑफिस, भिंतीवर लाटांचा फोटो, खुंटीला एक नारिंगी जॅकेट आणि मागच्या खोलीत संसार. आम्ही शिरलो तेव्हा गॅसवर कुकर होता.

ठाण्यात आणल्यावर कॅप्टन गरजायला लागला. केंद्र भागीदाराचं आहे, प्रत्येक तुकडीला मी स्वतः हजर असतो, पोरांना मी स्वतः उलटं करतो. असल्या माणसाशी भांडायचं नसतं. मी चहा मागवला, बेळगावचा खव्याचा कुंदा मागवला. म्हटलं कॅप्टन, तुमचं काम पुण्याचं, जीव वाचवता. मग देवाधर्माच्या गोष्टी काढल्या. आमच्या जीपची यंदा खंडेनवमी कशी जोरात केली ते मी रंगवून सांगितलं. नारळ एकच फोडला होता, मी एकवीस सांगितले. आणि हळहळत म्हणालो, तुमच्या हेलिकॉप्टरला बिचाऱ्याला परगावी कोण माळ घालणार, त्या दिवशीपण पोरं पाण्यात सोडायची असणार.

कॅप्टनला ते लागलं.

“छे साहेब. खंडेनवमीला मशिनीला हात लावीन होय? भक्त माणूस मी. स्वतः गेलतो, माळ घातली, नारळ फोडला. दसऱ्यापतूर बंद म्हणजे बंद.”

रायटरनं जबाबात शब्दन् शब्द उतरवला आणि वाचून दाखवला. कॅप्टननं खुशीत मान डोलावली. मग मी त्याच्याच कपाटातून पंचांसमक्ष जप्त केलेले दाखले टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. नऊ जणांचं प्रशिक्षण खंडेनवमीचं. बाकीच्यांचं पाडव्याचं आणि अक्षय तृतीयेचं. साध्या मंगळवारी आमच्या भागातला एकही माणूस बुडायला शिकलेला नव्हता.

कॅप्टननं दाखले बघितले, कुंद्याची बशी बाजूला सारली.

“पोरंच म्हणत्यात साहेब, चांगला दिवस टाका. तुम्हीच सांगा, अमावस्या टाकू?”

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण संगणक, छपाई यंत्र, शिक्के आणि तो खातरजमेचा फोन टिकतो. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज, असा गुन्हा नोंदवून दोषारोपपत्र पाठवलं. भावाला सांगितलं, साक्षीदार हो नाहीतर आरोपी हो. तो साक्षीदार झाला. शनिवारचं विमान त्याच्याशिवाय गेलं. कंपनीला त्यानं स्वतः कळवलं आणि कंपनीनं त्याचं नाव काढून टाकलं. त्या दिवशी आक्का ठाण्याच्या पायरीवर बसून होती. तो तिच्या शेजारून चालत गेला, तिच्याकडे न बघता.

ज्यांचे दाखले सापडले त्या सगळ्यांना आम्ही फोन लावले. काही जण आधीच समुद्रावर पोचले होते. बहुतेकांनी शांतपणे ऐकून घेतलं, कारण त्यांच्यासाठी ती बातमी नव्हती. फसवणुकीच्या गुन्ह्यात फसलेला माणूस सापडत नाही, असं माझ्या नोकरीत एकदाच झालं. मी इतकी वर्षं समजत होतो की खोटा कागद दुसऱ्याला फसवायला असतो. या प्रकरणानं शिकवलं की पुष्कळदा माणूस तो स्वतःलाच दाखवायला घेतो, आणि त्याच्या घरातल्या ज्या माणसाला तो वाचता येत नाही, त्यालाच खरं काय ते दिसतं.

पुढच्या वर्षी टिळकवाडीच्या गृहस्थांच्या ओळखीनं भावानं खरं प्रशिक्षण घेतलं. पहिल्या खेपेला टाकीतून रडत बाहेर आला, दुसऱ्या खेपेला नापास, तिसऱ्याला पास होऊन निघाला. दुसरी नोकरी लागली, गेला. मी निवृत्तीनंतर एकदा वडगावच्या बाजूला गेलो होतो तेव्हा आक्काकडे डोकावलो. माग खडखडत होता. ती तुटलेला धागा जोडत होती. मी विचारलं, भाऊ आता बोलतो का तुझ्याशी?

“न्हाय,” ती म्हणाली. “आईला फोन करतोय. मी आपली बाजूला बसून ऐकतो.”